गुरुवारची तीन पानं

१

बुद्धभूषणला जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि ग्रंथालयातल्या हिरव्या पेटीतलं एक पाकीट नाहीसं झालं होतं. पहिली गोष्ट सगळ्या विद्यापीठाला माहीत होती. दुसरी त्या सोमवारी सकाळी ग्रंथालयात काम करणाऱ्या शीला वासनिकला कळली, तीही सुखदेवकाका समोर बसले होते म्हणून.

सुखदेव रामटेके म्हणजे बुद्धभूषणचे वडील. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. दिल्लीतल्या द्वारकेच्या बौद्ध विहारात शीलाची त्यांची ओळख. वंदना संपली की तिच्या चार वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, खिशातून खडीसाखर काढून देणारे काका. आज त्यांच्या मांडीवर मुलाच्या कागदांची फाइल होती. प्रत्येक कागदाला पिवळी चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर आकडा. दुःखातही हाताची सवय सुटली नव्हती.

"बेटा, मला न्यायबिय नको," ते म्हणाले. "एकच सांग. माझ्या पोरानं चोरी केली, की नाही केली?"

प्रकरण थोडक्यात असं होतं. बुद्धभूषण भारतीय भाषा विभागाच्या मराठी शाखेत पीएचडी करत होता. फेब्रुवारीत त्यानं प्रबंधाचं एक प्रकरण सादर केलं. संगणकानं त्यातला, प्रबंधाच्या मोकळ्या ओळींत दीड पान भरलेला मजकूर लाल रंगवून दाखवला, कारण तोच मजकूर महिनाभर आधी त्याच्या सहाध्यायाच्या, साकेत दंडवतेच्या लेखात एका त्रैमासिकात छापून आला होता. समिती बसली. ते दीड पान मुळात आपलंच, गुरुवारच्या वाचनगटासाठी लिहिलेलं, असं बुद्धभूषण शेवटपर्यंत सांगत राहिला. समितीनं ते मानलं नाही. निकाल हातात पडल्यावर चौथ्या दिवशी त्यानं वसतिगृहाच्या खोलीत स्वतःला संपवलं. आता येत्या शुक्रवारी समिती शेवटची बसणार होती, शेरा मारायला: आरोप सिद्ध, विद्यार्थी मयत, प्रकरण बंद.

शीलाला तो वाचनगट बाहेरून माहीत होता. समकालीन समीक्षासिद्धांत वाचायचे म्हणून मुरलीधर केळसकर सरांनी तो सुरू केलेला. सर आणि तीन विद्यार्थी: साकेत, रुचिरा वझे आणि बुद्धभूषण. दर गुरुवारी तीन वाजता ग्रंथालयाची मागची खोली त्यांना उघडून देणं हे शीलाचं काम. लेखक असा कोणी नसतो, असतो तो मजकूर, हे सरांचं लाडकं म्हणणं. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं राहू नये म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. प्रत्येकानं एक पान टंकून आणायचं. सगळ्यांची पानं हिरव्या पत्र्याच्या पेटीत टाकायची आणि प्रत्येकानं एक उचलून मोठ्यानं वाचायचं. नंतर ती पानं तारखेच्या पाकिटात घालून पेटीतच ठेवायची. पेटीची किल्ली शीलाच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर, कुणीही घ्यावी अशी.

काकांनी ते पान एकदा डोळ्यांनी बघायचं म्हटलं म्हणून शीलानं पेटी उघडली. अठरा सप्टेंबरचं पाकीट होतं, चारचं होतं. अकराचं नव्हतं. झाकणाच्या आत सरांनी स्वतःच्या अक्षरात चिकटवलेले नियम मात्र जागच्या जागी होते. पानावर नाव नको. पानात 'मी' नको. आपलं पान आपण वाचायचं नाही, हाती आलं तर परत टाकून दुसरं उचलायचं. पान कोणाचं, हे विचारायचं नाही.

"जाऊ दे," काका म्हणाले आणि त्यांनी फाइलमधली सात नंबरची चिठ्ठी उघडून तिच्यापुढे सरकवली. समितीचा निकाल. शीलानं चार ओळी वाचल्या आणि ती परत पहिल्या ओळीवर आली.

'दि. ११ सप्टेंबरच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण समितीने ऐकले. सदर मजकूर श्री. साकेत दंडवते यांच्याच आवाजात आहे. सबब तो त्यांचाच असल्याचे निर्विवाद आहे.'

तिची नजर पेटीच्या उघड्या झाकणाकडे गेली. तिसरा नियम.

ज्या पुराव्यानं बुद्धभूषण चोर ठरला होता, तो समितीनं उलटा धरला होता.

२

रुचिरा तिला विभागामागच्या चहाच्या टपरीवर भेटली. मुंबईची मुलगी, दिल्लीत पाच वर्षं काढलेली, एका वाक्यात तीन भाषा बोलणारी. त्या दिवशी मात्र तिला एकही भाषा धड साधत नव्हती. अकरा सप्टेंबरला आपण बैठकीला नव्हतोच, हे तिनं आपण होऊन दोनदा सांगितलं. डेंग्यू झाला होता. पानसुद्धा दिलं नव्हतं. कुणी गैरहजर असलं की सर एखादं वाचन फोनवर मुद्रित करून पाठवत, तसं त्या दिवशीही पाठवलं होतं. तेवढंच.

"अजून आहे तुझ्याकडे?" शीलानं विचारलं.

होतं. टपरीवर पंखा घरघरत होता, म्हणून दोघी भिंतीच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. एप्रिलची झळ तिथेही लागत होती. फोनमधून साकेतचा आवाज आला, स्वच्छ, पुण्याचा, वाचनाची तालीम झालेला.

'नाव पुसायला आधी नाव असावं लागतं. ज्याला गाव नावानं हाक मारतं, त्यालाच एखाद्या गुरुवारी अनामिक व्हायची चैन परवडते. ज्याला नावानं कधी कुणी हाकच मारली नाही, त्याला अनामिक व्हा म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगणं.'

 हे कोणाचं, हे शीलाला आतून कळलं. तिच्या आजीला गावात कोणत्या हाकेनं बोलवायचे, हे तिला ठाऊक होतं. पण आतून कळलेलं समितीपुढे चालत नाही.

"रुचिरा, साकेतनं वाचलं म्हणजे हे पान साकेतचं नाही. नियम कधी मोडायचा का तुमच्यात?"

नाही, सर त्या बाबतीत फार कडक, असं ती म्हणाली. एकदा तिच्याच हाती तिचं पान आलं आणि ती गप्प राहून वाचायला लागली, तर सरांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं आणि त्यांनी सगळी पानं परत पेटीत टाकायला लावली.

"मग समितीला हे का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही ना, ताई. मी नव्हते त्या दिवशी." तिनं चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला. "आणि सांगून काय उपयोग होता? बुद्धभूषणचं तरी कुठे होतं ते. ते सरांचं पान होतं."

शीला थांबली. "सर म्हणाले तसं?"

"सर कसं म्हणतील? नियम आहे. पण ते इतकं चांगलं होतं, यार. बाकी कोण लिहिणार असं?"

बुद्धभूषणनं लिहिलं असेल असं नाही का वाटलं, हे शीलानं अगदी हळू विचारलं, मैत्रीला पडल्यावर कुठे लागलं हे विचारावं तसं. रुचिरा तिच्याकडे बघत राहिली. ती खोटं बोलत नव्हती. तो विचार तिच्या मनाला खरोखरच कधी शिवला नव्हता.

"तो फारसं बोलायचाच नाही ना," ती शेवटी म्हणाली, आणि आपण काय म्हणालो हे ऐकून तिचा चेहरा पडला.

जाताना तिनं एवढंच सांगितलं, की साकेतलाही ते सरांचंच वाटत होतं. मग दुसऱ्याचं पान त्यानं आपल्या नावावर छापलं कसं?

३

साकेत द्वारकेत मावशीकडे राहत होता. येत्या सप्टेंबरपासून त्याला परदेशात फेलोशिप मिळाली होती. शीला मंगळवारी संध्याकाळी गेली तेव्हा दिवाणखान्यात एक नवी कोरी सूटकेस होती, तिचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मैत्रीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती बरोबर होती. भिंतीवरची पाल बघून ती "आई, छिपकली" म्हणाली. मावशींनी तिला पाल म्हणायला शिकवलं आणि खाऊ द्यायला आत नेलं.

साकेत आधी तुसडेपणानं बोलला. ग्रंथालयानं पोलिसांचं काम कधीपासून घेतलं, असं त्यानं विचारलं. शीलानं ते गिळलं. तिची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची. ग्रंथालय समितीचे अध्यक्ष केळसकर सर, आणि करार जूनमध्ये संपत होता. हे सगळं गिळायची तिला सवय होती.

"मी कुणाचं काही चोरलेलं नाही," तो म्हणाला. "आणि समितीला रेकॉर्डिंग मी दिलं नाही. माझ्याकडे ते कधी नव्हतंच. सरांनी दिलं. समितीनं मला विचारलं, हे तुम्ही वाचलंत का? मी म्हटलं, हो, वाचलं."

"पण लिहिलं नाहीस."

 मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डिसेंबरात त्यानं आपला लेख सरांना तपासायला दिला. त्रैमासिकाच्या त्या अंकाचे संपादक सरच होते. लेख परत आला तेव्हा मधोमध ते दीड पान घातलेलं. सर म्हणाले, हे इथं शोभतं, राहू दे. साकेतनं लगेच ओळखलं, त्यानंच तर ते वाचलं होतं. त्याला वाटलं, सर आपलं स्वतःचं पान शिष्याला देतायत. मोठ्या माणसांची अशी देणी असतात, बोलायची नसतात. फेब्रुवारीत बुद्धभूषणच्या प्रकरणात तेच निघालं, तेव्हा सगळ्यांसारखंच त्यालाही वाटलं की यानंच सरांचं उचललंय. आपलं तोंड उघडलं तर सरांचं दान चव्हाट्यावर येईल, म्हणून तो गप्प बसला.

"आणि तुझी फेलोशिपही जाईल म्हणून," शीला म्हणाली.

"तेही आहे," तो म्हणाला. निदान तेवढं तरी त्यानं नाकारलं नाही.

आतून मैत्रीच्या हसण्याचा आवाज आला. शीला उठली, आणि उठता उठता तिनं विचारलं. सगळ्या वाटेत तिनं हा एकच प्रश्न घोळवला होता.

"साकेत, त्या गुरुवारी तू लिहिलेलं पान कोणी वाचलं?"

तो गोंधळला. त्याचा इथे काय संबंध, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पण आठवायला त्याला क्षणही लागला नाही. आपली फजिती माणूस विसरत नाही.

"सरांनी. दुसऱ्या परिच्छेदाला हसले. म्हणाले, हे ज्यानं लिहिलंय त्यानं आधी वाचायला शिकावं."

४

बुधवारी सकाळी मैत्रीचा डबा भरता भरता शीलानं ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. एकीत पोहे, एकीत शिरा, एकीत चिरलेली काकडी. पोहे उचलून डावीकडे सरकवले. मग उरलेल्या दोन वाट्यांकडे बघत ती उभी राहिली. दूध उतू गेलं. नवरा "अगं, गॅस" म्हणून आला, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिनं दुधाचं निमित्त सांगितलं.

दुपारी ती साकेतला आणि रुचिराला घेऊन केळसकर सरांच्या खोलीत गेली. सरांनी उठून खुर्च्या दिल्या. आवाज मऊ, हालचाली संथ. बुद्धभूषणच्या शोकसभेत सगळ्यात चांगलं तेच बोलले होते.

शीला काय विचारायला आली आहे हे कळल्यावर त्यांना वाईटच वाटलं. "शीलाताई, तुम्ही भला विचार करून आलात, पण हा प्रश्नच आमच्या गटात गैरलागू आहे. पान कोणाचं, हे आम्ही विचारत नाही. मला स्वतःला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही."

"कळतं, सर," शीला म्हणाली. तिनं त्यांच्या टेबलावरचे तीन कोरे कागद उचलले. 

"त्या गुरुवारी तुम्ही तिघं होतात. रुचिरा आजारी, तिनं पान दिलं नव्हतं. म्हणजे पानं तीन: तुमचं, साकेतचं, बुद्धभूषणचं. आणि नियम असा, की आपलं पान आपण वाचायचं नाही." एक कागद तिनं सरांपुढे ठेवला. "तुमच्या हाती साकेतचं पान आलं. तुम्ही हसला होतात, त्याला आठवतंय. मग राहिली दोन पानं, एक तुमचं, एक बुद्धभूषणचं. आणि वाचणारे राहिले दोन, साकेत आणि बुद्धभूषण. बुद्धभूषण स्वतःचं वाचू शकत नव्हता. म्हणजे त्यानं तुमचं वाचलं."

शेवटचा कागद तिच्या बोटांखाली होता. तो तिनं साकेतपुढे सरकवला.

"आणि तू त्याचं वाचलंस."

साकेतनं त्या कोऱ्या कागदाला हात लावला नाही. तो खुर्चीत मागे सरकला. 

सरांनी चष्मा पुसला. समजा तसं असेल, ते म्हणाले. पण हे गणित आज मांडलं जातंय. तेव्हा आपण भोळेपणानं एक सुंदर मजकूर योग्य जागी ठेवला, इतकंच. तो कोणाचा, हे आपल्याला कसं कळणार होतं?

"तुम्हाला तर गणितही लागलं नाही, सर. ते तुमचं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. साकेत ते वाचत होता, म्हणजे त्याचं नाही. तिसरा एकच माणूस खोलीत होता. या दोघांना वाटत होतं, पान तुमचं आहे. तसं वाटतंय हे तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही ते वाटू दिलंत. मग समितीला ते मुद्रण दिलंत आणि झाकणावरचा नियम सांगितला नाहीत. अकराचं पाकीट कुठे गेलं, ते मी विचारत नाही."

 सर बोलले ते खिडकीकडे बघत, जणू वर्गाला एखादा मुद्दा समजावून देत असावेत असे.

"जानेवारीत अंक निघाला तेव्हा आला होता माझ्याकडे. इथंच उभा होता. म्हणाला, सर, ते माझं आहे. मी म्हटलं, आपल्या गटात 'माझं' म्हणत नाहीत." त्यांनी चष्मा चढवला. "त्यानं भांडायला हवं होतं. मला वाटलं होतं, भांडेल."

"लेखक नसतो, तर लेखावर साकेतचं नाव कसं चाललं, सर?"

हे रुचिरानं विचारलं.  सरांनी ते तिन्ही कागद गोळा केले, काठाला काठ जुळवून पुन्हा गठ्ठ्यावर ठेवले आणि आता वर्ग आहे म्हणाले.

साकेत मात्र बाहेर पडल्यावर व्हरांड्यातच जमिनीवर बसला. कागद मागून घेऊन त्यानं जबाब लिहिला, दीड पान. खाली नाव लिहिताना तो इतका वेळ थांबला की शीलाला वाटलं, आता उठून जाईल. तो गेला नाही.

५

शुक्रवारी समितीपुढे साकेतचा आणि रुचिराचा असे दोन जबाब आणि तिच्या फोनमधलं मुद्रण ठेवलं गेलं. आरोप मागे घेतल्याचं पत्र संध्याकाळी निघालं. केळसकर सर रजेवर गेल्याचं कुणीतरी सांगितलं. आजारपणाची, असंही सांगितलं. चौकशीचं पुढे काय होणार, हे कुणी सांगत नव्हतं. शीलाच्या करारावर सही होईल की नाही, हे तिनं विचारलं नाही.

पत्राची प्रत घेऊन ती काकांच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. काकू वर्धेला माहेरी गेल्या होत्या. त्यांना या शहरात राहवेना. काका एकटेच होते. त्यांनी चष्मा लावून पत्र उभ्यानंच वाचलं, पहिल्यांदा भरभर, मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. जावक क्रमांक पाहिला. सही पाहिली. मग टेबलाजवळ जाऊन त्यावर पिवळी चिठ्ठी लावली, आकडा घातला आणि पत्र फाइलमध्ये शेवटी ठेवलं.

शीलानं त्यांना सगळं नीट सांगितलं. तीन माणसं, तीन पानं, कोणी कोणाचं वाचलं. ते पान सगळ्यांना इतकं आवडलं होतं की ते सरांचंच असणार असं प्रत्येकाला वाटलं, हेही तिनं सांगितलं. वाटलं, बापाला तेवढंच बरं वाटेल.

"म्हणजे नव्हती केली," काका म्हणाले.

"नाही काका. त्याचंच होतं. शब्दन् शब्द."

ते खाली बसले.  खालच्या बागेत मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांची आउट-नॉट आउटची भांडणं वरपर्यंत येत होती.

"निकाल लागला त्या रात्री त्याचा फोन आला होता," ते म्हणाले. "आपण सरकारी माणूस, बेटा. कागदावर शिक्का दिसला की आपल्याला खरंच वाटतं. चौतीस वर्षं तेच केलं. तो सांगत होता, बाबा, माझंच आहे. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं. खरं सांग, भूषण, उचललंस का कुठून?"

शीलानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"काही बोलला नाही. 'ठेवतो बाबा' म्हणाला. नेहमी ठेवायचा तसाच ठेवला फोन."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तुमची काय चूक, असं काहीतरी. पण ती आई होती. घरी येऊन "मी नाही केलं" म्हणणारं लेकरू दारात उभं असताना पहिला शब्द कोणता निघतो, यावर काय काय अवलंबून असतं हे तिला माहीत होतं. तिला खोटं बोलवेना.

काकांनी चष्मा काढून फाइलवर ठेवला. डोळे कोरडे होते.

"मी देवाधर्माचा माणूस नाही, तरी त्या दिवसापासून एकच मागत होतो," ते म्हणाले. "त्याची चोरी खरी निघावी. चोरी केली असती ना त्यानं, तर बरं झालं असतं गं."